श्रावणातलं दुपारचं ऊन

सूर्यनारायणा, पाऊस थांबव असं मी मागणार नाही. तानसा, भातसा, वैतरणा अजून भरायचे आहेत आणि आमच्या नळाचं पाणी तिथूनच येतं. लावणी झालेल्या खाचरांनाही पाऊस हवा आहे. तो पडू दे. माझं मागणं एवढंच, की आठवड्यातल्या तीन-चार दुपारी, अकरा ते दोनच्या दरम्यान, वाकोल्यावरचं आभाळ थोडा वेळ मोकळं कर. अर्धा तास पुरे. आमच्या आईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, तुझ्या उन्हात बसायचं आहे.

आषाढात त्यांचा उजवा गुडघा बदलला. ऑपरेशनच्या आधी रक्त तपासलं तेव्हा व्हिटॅमिन डी नऊ निघालं. वीसच्या खाली गेलं की डॉक्टर कमतरता म्हणतात. नऊ! ज्या देशात तुझ्या उन्हाची कधी टंचाई झाली नाही, तिथे सत्तर पावसाळे काढलेल्या बाईच्या रक्तात तुझं देणं एवढंच उरलं होतं.

देवा, हे तुझ्यामुळे झालं असं मी म्हणत नाही. तू रोज येत होतास. पण पहाटे पाणी भरायचं, मग डबे, मग ओट्यापाशी दुपार, अंगभर पदर, बाहेर पडायचं तर डोक्यावर छत्री आणि बाजार उन्हं कलल्यावर, अशा दिवसात तुला आत यायला फट कुठे होती? उन्हात हिंडू नको, काळी पडशील, हे त्यांच्या आईने त्यांना सांगितलं, त्यांनी माझ्या नणंदेला सांगितलं. ज्यांच्या कातडीचा रंग सावळा, त्यांना उलट तुझ्यासमोर जास्त वेळ थांबावं लागतं, कारण तो रंग तुझे किरण अडवतो. हे त्या मुलींना कुणी सांगितलंच नाही.

आणि आम्ही आयुष्यभर तुझं कोवळं ऊनच तेवढं मागत आलो. बाळाला कोवळं ऊन, बाळंतिणीला कोवळं ऊन, म्हाताऱ्यांना कोवळं ऊन. त्या वेळची ऊब अंगाला सुखाची असते, तिचे उपकार मी विसरत नाही. पण हाडांच्या कामाचे किरण वेगळे. शास्त्रज्ञ त्यांची लांबी २९० ते ३१५ नॅनोमीटर सांगतात. तू क्षितिजाजवळ असतोस तेव्हा ते तिरपे येतात आणि हवेच्या, ओझोनच्या थरातच बहुतेक संपतात. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड पडू लागली, की मग ते आमच्यापर्यंत पोचतात. म्हणजे ज्या वेळी आम्ही पडदे ओढून घेतो, नेमकी तीच तुझ्या दानाची वेळ. वर्षातून दोनदा तू मुंबईच्या अगदी डोक्यावर येतोस आणि सावली पायाखाली नाहीशी होते. एकदा मेच्या मध्याला आणि दुसऱ्यांदा जुलैच्या अखेरीस. ही दुसरी खेप दरवर्षी ढगांच्या पलीकडे निघून जाते. श्रावणात तू आमच्या एवढा जवळ असतोस, म्हणून तर अर्धा तास पुरे असं म्हणायचं धाडस करते आहे.

इथे वाकोल्यात पावसाची मोजदाद लोकांना तोंडपाठ असते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेने चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला. तेव्हापासून ढग दाटून आले, की इथली माणसं आधी वाकोला नाल्याकडे बघतात, मग मिठी नदी कुठवर आली त्याची चौकशी करतात. त्यांची ती भीती तुला ठाऊक आहे. मी मात्र या वर्षी सारखी वर बघते.

तुझं एक काम मला समजलं तेव्हा देव्हाऱ्यासमोर उभं राहून मी कितीतरी वेळ त्याचाच विचार करत होते. आमच्या कातडीत कोलेस्टेरॉल घडण्याच्या वाटेवरचं एक द्रव्य तू आधीच ठेवून दिलंयस. तुझा किरण त्याच्यावर पडला, की त्याचं रूप बदलतं. ते रक्तातून यकृतात जातं, तिथे आणखी बदलतं, मग मूत्रपिंडात जाऊन कामाला लायक होतं. तेव्हा कुठे आतडी जेवणातलं कॅल्शियम नीट उचलायला लागतात. हे नसलं, तर पोटात गेलेल्या कॅल्शियमपैकी जेमतेम दहा-पंधरा टक्केच अंगी लागतं. दूध, नाचणी, तीळ सगळं आईंच्या ताटात होतं. त्यांनी स्वतःला उपाशी ठेवलं नव्हतं. उपाशी होती ती कातडी.

बर्लिनच्या कुर्ट हुल्डशिन्स्की नावाच्या डॉक्टरांनी १९१९ साली मुडदूस झालेल्या मुलांवर दिव्याचे अतिनील किरण सोडले. एकाच हातावर सोडले आणि दुसऱ्या हाताची हाडंही भरून आली. म्हणजे तू एका ठिकाणी स्पर्श केलास तरी तुझं देणं सगळ्या देहात फिरतं. आणि त्याच सुमारास आपल्या नाशिककडेही कुणीतरी हेच बघत होतं. हचिसन आणि शहा या दोन डॉक्टरांनी १९२२ साली लिहिलेल्या निबंधात तिथल्या मुलांची आणि मुलींची हकीकत आहे. पडद्यातल्या, खात्यापित्या घरच्या मुलींची हाडं मऊ पडत होती, आणि ज्यांच्या पोटाला धड मिळत नव्हतं पण जी दिवसभर रानात, रस्त्यावर होती, त्या गरिबांच्या पोरांचे पाय सरळ होते. शंभर वर्षं झाली या गोष्टीला. तेव्हाचा पडदा गेला, देवा, आणि त्याच्या जागी आमच्या भिंती आल्या.

आमच्या भिंती तू पाहतोसच. विमानतळ उशाशी, म्हणून इमारतींना फार उंच जाता येत नाही, आणि दोन इमारतींमध्ये जागा सोडायला कुणी तयार नाही. समोरच्या घरातल्या कुकरची शिट्टी आमच्या स्वयंपाकघरात मोजली जाते. खिडकीच्या ग्रिलमध्ये तुळस ठेवली आहे, ती उंच होते, पानं मात्र धरत नाही. भर दुपारी गॅलरीच्या कोपऱ्यात वीतभर ऊन येतं. सुरुवातीला आईंची खुर्ची आम्ही खिडकीच्या बंद काचेआड ठेवत होतो, पावसाची झड नको म्हणून. फिजिओथेरपिस्ट मुलगी आली तेव्हा तिने पहिल्यांदा काच सरकवली. काचेतून ऊब आत येते, उजेड येतो, पण हाडांचे किरण बाहेरच राहतात. पलीकडे बीकेसीत आख्ख्या काचेच्या इमारतींमध्ये तरणीताठी मुलं दिवसभर तुझ्या झगझगीत उजेडात बसलेली असतात आणि त्यांच्याही रक्तात तू उतरत नाहीस. त्यांच्यासाठीही हे मागणं धर.

आता त्या गुडघ्याकडे बघ. वाटीच्या वरून खाली गेलेली वीतभर रेघ, टाके निघाले आहेत, कडेला अजून सूज आहे, आणि हात ठेवला तर डाव्यापेक्षा उजवा गरम लागतो. आत मांडीच्या हाडाच्या टोकावर कोबाल्ट-क्रोमियमची टोपी आहे, नडगीच्या माथ्यावर धातूची बैठक, दोहोंच्या मधे पॉलिएथिलिनची चकती. वंगण संपलं, वंगण संपलं असं आम्ही इतकी वर्षं म्हणत होतो. खरं तर हाडांच्या टोकांवरची कूर्चा झिजून हाडावर हाड घासत होतं, आणि त्या दुखण्यासकट आई रोज भाजी आणायला पूल ओलांडत होत्या. आता ते घासणं थांबलं आहे. दुखतं ते वेगळं, बरं होण्याचं दुखणं.

सकाळी पलंगावर त्या पाय लांब करतात. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी. मांडी आवळून गुंडाळी खाली दाबायची, पाच अंक मोजायचे, सोडायचं. मग टाच चादरीवरून मागे ओढत गुडघा वाकवायचा. नव्वदच्या पुढे गेला पाहिजे, असं ती मुलगी सांगून जाते. मांडीच्या पुढच्या स्नायूवर सगळी मदार आहे. तो स्नायू थरथरतो ते कातडीवरून दिसतं. आईंच्या वरच्या ओठावर घाम येतो. त्या अंक मोजत नाहीत, तुझी नावं घेतात, मित्र, रवी, सूर्य, भानू, खग. पाच नावं झाली की सोडतात. दोनदा पाय दाबून झाला तरी बारांतली दोन नावं उरतात, म्हणून त्या राहिलेली नावं पुढच्या खेपेला घेतात. एकही गाळत नाहीत.

या स्नायूसाठी मी तुझ्याकडे आले आहे. नवा सांधा माणसांनी बसवला, आणि चांगला बसवला. पण धातू सिमेंटने धरलाय आणि सिमेंट हाडाने. ओल आलेल्या भिंतीत खिळा कितीही चांगला ठोकला तरी भरवसा भिंतीचाच. हाड जिवंत आहे, ते रोज थोडं मोडतं आणि रोज थोडं घडतं. त्या घडण्याला तुझा हातभार लागतो, आणि मांडीच्या बळालाही लागतो. ज्यांचं डी फार खाली असतं, त्यांना सांधा बदलल्यावर सावरायला वेळ लागतो, जंतुसंसर्गाचा धोकाही जास्त दिसतो, असं बऱ्याच नोंदींमध्ये आढळलं आहे. ऑपरेशननंतर डी दिल्याने माणूस लवकर चालायला लागतो, हे मात्र पक्कं सिद्ध झालेलं नाही. तुझ्यासमोर मी जास्तीचं बोलणार नाही. ऊन दिलंस म्हणजे व्यायाम चुकवता येईल, असं मी आईंना कधीच सांगणार नाही. व्यायामही त्या करतील. तू फक्त उणं राहू देऊ नकोस.

औषधही चालू आहे. साठ हजार युनिटची पुडी, आठवड्यातून एकदा, दुधातून. गुरुवार हा पुडीचा वार ठरला आहे, कारण दत्त मंदिर रोडवर राहणाऱ्याला गुरुवार विसरता येत नाही. सूर्यनारायणा, या पुडीसाठीही एक प्रार्थना आहे. घरोघर म्हातारी माणसं एकमेकांना औषधं सांगतात. आठवड्याची पुडी कुणी रोज घेऊ नये. रोज घेतली तर रक्तात कॅल्शियम चढतं, उलट्या होतात, मूत्रपिंडावर येतं. तुझ्या उन्हाने असं होत नाही, जादा झालं की कातडी ते स्वतःच मोडून टाकते. ही मर्यादा तू तुझ्या दानात ठेवलीस, पुडीत ती ठेवणं आमच्या हाती आहे. तेव्हा प्रत्येक केमिस्टला पुडी हातात देताना 'आठवड्यातून एकदाच हं, आजी' एवढं मोठ्याने म्हणायची बुद्धी दे.

ज्यांच्या हातांनी हे सांधे बसतात त्यांना आयुष्य दे. इंग्लंडमध्ये जॉन चार्नली यांनी १९६२ साली खुब्यासाठी असा प्लॅस्टिकचा आणि धातूचा सांधा बसवला, त्याला धरून ठेवायला दातांच्या डॉक्टरांकडचं सिमेंट वापरलं. आपल्याकडे सगळ्यांना हे ऑपरेशन कळलं ते ऑक्टोबर २००० मध्ये, अटलजींचा डावा गुडघा डॉ. चित्तरंजन राणावत यांनी ब्रीच कँडीत बदलला तेव्हा. पुढच्या जूनमध्ये उजवा झाला. तेव्हा आमच्या चाळीत सगळे म्हणायचे, हे मोठ्या लोकांचं काम. २०१७ च्या ऑगस्टमध्ये सरकारने नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियमच्या गुडघ्याची कमाल किंमत ५४,७२० रुपये ठरवली, आणि आमच्यासारख्या घरांत पहिल्यांदा हिशेब मांडला गेला. तरीही दुसऱ्या गुडघ्यासाठी थांबावं लागतंच. डावा गुडघा थांबला आहे.

एक गोष्ट आईंना बोलवत नाही, म्हणून मी सांगते. औंधच्या पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्कार गावोगाव, शाळाशाळांत नेला. आईंच्या वडिलांनी तो तिथूनच उचलला आणि मुलींनाही शिकवला. लग्न होऊन वाकोल्याला आल्यावर दहा बाय दहाच्या खोलीत, सगळे उठायच्या आत, त्या बारा नमस्कार घालत. त्यात एक आसन साष्टांगाचं. दोन पाय, दोन गुडघे, दोन हात, छाती आणि कपाळ, अशी आठ अंगं जमिनीला लागतात. नव्या गुडघ्यावर असा भार द्यायचा नाही, मांडी घालायची नाही, पाटावर बसायचं नाही. पुण्याच्या डॉ. कांतिलाल संचेतींनी आपल्या लोकांच्या गुडघ्यांची मापं, खाली बसायच्या आपल्या सवयी ध्यानात घेऊन 'इंडस' नावाचा सांधा घडवला, तो याच दुःखाची जाणीव ठेवून. पण आईंना डॉक्टरांनी खाली बसू नका असं स्पष्ट सांगितलं आहे आणि त्या ऐकतात. परवा श्रावणातला पहिला आदितवार होता. राणूबाईची पूजा त्यांनी खुर्चीत बसून केली. विड्याच्या पानावर रक्तचंदनाने तुझं मंडळ काढलं, पान टेबलावर ठेवलं, आणि वाकून नमस्कार करायला गेल्या तशा मध्येच थांबल्या. नुसतं कपाळ टेबलाला टेकवलं. त्यांच्या आठांतली दोन अंगं तुला यापुढे मिळायची नाहीत. सहांनी केलेला नमस्कार पुरा मान. कृष्णाचा मुलगा सांब कुष्ठाने गळत असताना तुझ्याकडे आला, त्याला तू कुठल्या आसनात बसलास असं विचारलं नव्हतंस.

आणि आता ज्याच्यासाठी खरं तर सकाळपासून शब्द जुळवते आहे ते. आमच्या इमारतीला गच्ची आहे. तिथे तू अडथळ्याविना उतरतोस, कपडे अर्ध्या तासात वाळतील एवढा. पण तिला कुलूप आहे. कधीकाळी पोरांनी टाकीवर चढून काही केलं, तेव्हापासून आहे. किल्ली मागायला गेलं की पावसाळ्यानंतर बघू, असं उत्तर मिळतं. ज्यांच्याकडे किल्ली आहे ते वाईट नाहीत. त्यांच्या जबाबदारीचं ओझं मला कळतं, उद्या कुणी घसरलं तर लोक त्यांनाच बोलतील. त्यांच्या मनातली ती भीती थोडी कमी कर. शेवाळ आम्ही घासून काढू. कठड्यापासून दूर, टाकीच्या भिंतीला लागून, पाठ टेकायची खुर्ची ठेवू. लिफ्ट शेवटच्या मजल्यापर्यंत जाते, पुढे एकच जिना. तो आईंना जमेल, ती मुलगी त्यांच्याकडून रोज घटवून घेते आहे. चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी, कठडा कायम हातात. टाक्यांची रेघ आम्ही झाकून ठेवू, नव्या व्रणाला ऊन लागलं तर तो काळा पडतो. बाह्या वर करू, नडग्या उघड्या ठेवू. सत्तर वर्षांत पहिल्यांदा भर दुपारी, पायावरचं पातळ वर घेऊन, आई तुझ्यासमोर बसतील. तेव्हा त्यांना संकोच वाटू देऊ नकोस.

आणि कुलूप निघालं तर ती गच्ची आमच्या एकट्याची राहू देऊ नकोस. तळमजल्यावरची ती शिवणकाम करणारी बाई ट्यूबलाइटखाली दिवस काढते आणि हल्ली उठताना कमरेला हात लावते. तिला बोलवायचं आहे. रात्रपाळीचे वॉचमन दिवसभर पत्र्याच्या खोलीत झोपतात, त्यांना. चर्चच्या बाजूने राहणाऱ्या आँटी, ज्यांचे दोन्ही गुडघे बदलून झाले आहेत आणि ज्या आईंना रोज फोनवर धीर देतात, त्यांनाही एकदा वर आण. दुसऱ्या मजल्यावरची बाळंतीण मात्र आधी. तिच्या लेकीला उद्या सव्वा महिना होईल. आईंची खुर्ची आम्ही तिला देऊ, आई म्हणाल्याच आहेत. अकरा वाजून गेले आहेत, देवा. कलिन्याच्या बाजूला थोडं उजळतंय. किल्ली मागायला मी पुन्हा खाली जाते आहे, आज त्यांच्या तोंडून हो येऊ दे.